गोधडीचं कापड कुणी निवडलं?

मी मालेगावातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू असे दोन्ही विषय शिकवते. गेल्या हिवाळ्यात आठवीच्या वर्गात शब्दार्थ सांगताना ‘गोधडी’ हा शब्द आला. मी फळ्यावर लिहिलं : जुन्या कपड्यांचे थर एकावर एक ठेवून हाताने शिवलेलं पांघरूण. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “टीचर, ये तो मराठी लोगों में होती है. अपने में तो रजई होती है.” बाकीच्या मुलींनी माना डोलावल्या. मी काही बोलणार तेवढ्यात घंटा झाली.

घरी आले तर वेगळाच विषय. मुलीला पुण्याला शिकायला जायचं होतं. वसतिगृहाच्या यादीत ब्लँकेट लिहिलेलं होतं, पण तिचं म्हणणं होतं, “अम्मी, मुझे परदादी की कथरी जैसी कथरी चाहिये.” माझ्या दादीच्या हातची एक कथरी आमच्या पेटीत आहे. आम्ही तिला गोधडी म्हणत नाही, कथरी म्हणतो. मी मनात म्हटलं, उद्या हीच कथरी वर्गात नेली तर मुली काय म्हणतील?

कथरी शिवायची म्हणजे आधी कापड हवं. घरातले जुने कपडे बाहेर काढले आणि पंचाईत झाली. माझ्या साड्या, मुलीचे सूट, ओढण्या, पडद्याचे तुकडे, सगळं पॉलिस्टर. पॉलिस्टरचे थर एकमेकांवरून सरकतात, सुई अडते, आणि अंगावर घेतलं तर घाम टिपत नाही. गोधडीला धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड लागतं. तसं कापड निघालं ते फक्त अब्बांच्या दोन लुंग्या आणि एक बनियन. म्हणून बाजारात जायचं ठरवलं.

हे ऐकून अम्मी चिडली. “नया कपडा फाड के कथरी? लोग हँसेंगे.” तिच्या हिशेबाने कथरी हा कपड्याचा शेवट असतो, सुरुवात नव्हे. आधी अंगावर, मग घरातल्या धाकट्याच्या अंगावर, मग कथरीत, मग पोछ्यात. दुकानातून कापड आणून त्याचे तुकडे करायचे आणि ते पुन्हा जोडायचे, याला ती चोचले म्हणते. तिचं अगदीच चुकत होतं असं मला वाटलं नाही.

दुकानदार ओळखीचा. मी म्हटलं, “असली कॉटन दिखाओ.” त्याने ठेवलेल्या ताग्यांपैकी प्रत्येकाच्या कडेचा एक धागा मी काढून घेतला आणि त्याच्याच काडेपेटीने जाळून पाहिला. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि बोटात चुरली की राख उडून जाते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी राहतो. सहा ताग्यांपैकी चारांना मणी आला. दुकानदार हसला. एका फिकट निळ्या पॉपलिनकडे बोट दाखवून म्हणाला, “टीचर, ये तो अपने ही लूम का है. बालोत्रा घूम के आया है.” आपल्याकडचं कोरं कापड ट्रक भरून राजस्थानात पाली-बालोत्र्याला रंगायला जातं आणि पॉपलिन, परकराचं कापड होऊन परत येतं. आपल्याच गल्लीत विणलेलं कापड मी परगावच्या मालासारखं हातात धरून पाहत होते. त्यालाही मणी आला होता.

शेवटी वरच्या थरासाठी तीन रंगांची मलमल घेतली. अस्तरासाठी पांढरा लठ्ठा मागितला, तशी दुकानदाराने हातातलं काम ठेवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “कौन गुजर गया?” आमच्याकडे पांढरा लठ्ठा बाईमाणूस स्वतः मागायला आलं की दुकानदार कफनच समजतो. मी घाईने म्हटलं, “नहीं नहीं, कथरी का अस्तर है.” छत्तीस इंच पन्ह्याच्या दोन पट्ट्या जोडायच्या, लांबी सात फूट, वर आटण्याची सूट धरून पाच मीटर. नवं सुती कापड आधी रात्रभर भिजवून, वाळवून घ्यावं लागतं. नाहीतर पहिल्या धुण्यात एक थर आटतो, दुसरा आटत नाही आणि गोधडीला सुरकुत्या पडतात.

कापड भिजत घातलं आणि टाके कसे घालायचे ते पाहायला दादीची कथरी पेटीतून काढली. एका कडेची शिवण उसवलेलीच होती. ती आणखी थोडी उसवून मी आत पाहिलं. अब्बा बाजूला खुर्चीवर बसले होते. ऐंशीच्या घरात आहेत, नजर अधू झाली आहे, पण कापड ते बोटांनी ओळखतात. आम्ही एकेक थर उलगडत गेलो आणि अब्बा सांगत गेले.

सर्वात वर शर्टिंगचे तुकडे होते, टेरिकॉटचे, चौकड्यांचे. शिंप्याकडची कातरण. १९७०-८०च्या दशकात शहरात टेरिकॉट घालणं म्हणजे जरा बऱ्या घरचं असणं होतं. आमच्या घरी तेव्हा कुणाच्या अंगावर टेरिकॉट नव्हतं, पण चुलतदादांच्या दुकानातली कातरण दादीला फुकट मिळायची. म्हणजे जे कापड अंगावर घालणं परवडत नव्हतं, ते तुकड्यांच्या रूपाने पांघरुणावर आलं होतं. हेच तुकडे आज सर्वात कडक आहेत. त्यांच्या आजूबाजूचं सुती कापड झिजून गेलं, पण हे तसेच आहेत.

त्याखाली लुगडं निघालं. गडद हिरवं, लाल काठाचं, नऊवारी. दादीने आयुष्यात नऊवारी नेसली नव्हती. मग हे लुगडं आमच्या घरात कसं आलं?

इथे थोडा मागचा इतिहास सांगायला हवा. आमचे पूर्वज उत्तरेकडून आलेले मोमिन विणकर. घरात सांगतात की १८५७च्या बंडानंतर आले. ते खरं आहे, पण तेवढंच कारण नाही. बंडाच्या कितीतरी आधीपासून विलायती गिरणीचं सूत आणि कापड गावोगावच्या बाजारात उतरलं होतं आणि बनारस, आझमगढ, मऊ, अलाहाबादकडच्या जुलाह्यांचे माग थंड पडत होते. १८३७-३८च्या दुष्काळाने दोआब पोळून निघाला होता. त्यावर बंडानंतरची धरपकड. मुंबई-आग्रा रस्त्याने खाली येणाऱ्यांना मोसम आणि गिरणा नद्यांच्या काठी मालेगाव लागलं. आजूबाजूला खानदेशचा कापूस, पुढे मुंबई. मुंबईत १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची कंपनी निघाली होती. नंतर गिरण्या वाढल्या आणि त्यांचं सूत हातमागवाल्यांना मिळू लागलं. ज्या गिरणीने विणकराचं कापड मारलं, तिच्याच सुतावर तो पुढे तगला.

त्याने विणलं काय? इथल्या बायका जे नेसत होत्या तेच. नाशिक, खानदेश, नगरकडच्या शेतकरी बायकांची रंगीत, काठाची नऊवारी लुगडी. बनारसहून आलेल्या, घरात पूरबी बोलणाऱ्या माणसाने हिरव्या रंगाची कुठली छटा चालते, काठ किती बोटांचा लागतो, हे इथल्या आठवडी बाजारांतून शिकून घेतलं. १९३०च्या दशकात वीज आली, हळूहळू हातमागांच्या जागी यंत्रमाग आले, तरी माल तोच राहिला. मालेगावी लुगडं पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव नेसलं गेलं. शेतात, लग्नात, बाळंतपणात. फाटलं की दंड घालून पुन्हा नेसलं. तेही होईना तेव्हा जुनेर म्हणून गोधडीत गेलं. म्हणजे ज्या गोधडीला माझी विद्यार्थिनी ‘मराठी लोगों की’ म्हणाली, तिच्या पोटातलं कापड कित्येकदा तिच्याच पणजोबाच्या मागावरून उतरलेलं होतं.

पण दादीच्या कथरीतलं लुगडं नेसून जुनं झालेलं नव्हतं. मी ते उजेडात धरलं. मधोमध ताण्याचे बरेच धागे तुटून जाळी पडलेली होती. अब्बांनी त्या जागेवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ये तेरे दादा की मजूरी है.” माग सेठचा, सूत सेठचं, लुगडं सेठचं. दादा फक्त मजुरी घेत. विणीत दोष निघाला तर सेठ ते लुगडं कारागिराच्या गळ्यात मारायचा आणि किंमत मजुरीतून कापायचा. त्या आठवड्याला घरात पैसे कमी यायचे आणि लुगडं यायचं. ते विकलं जात नव्हतं आणि दादी ते नेसत नव्हती. मग कथरी.

मी लहानपणी याच हिरव्या कापडावर गाल ठेवून झोपले आहे. मला वाटायचं दादीला हिरवा रंग आवडतो.

त्याखालचा थर जाड्याभरड्या, न रंगवलेल्या कापडाचा होता. काठाला शाईचा पुसट शिक्का, अक्षरं लागत नव्हती. “कंट्रोल का है,” अब्बा म्हणाले. दादी तसं सांगायची. दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांचं बरंच कापड सैन्याकडे जायला लागलं आणि बाजारात कापड दिसेनासं झालं. भाव भडकले. जून १९४३ मध्ये सरकारने सुती कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम काढला. गिरणीच्या कापडावर किंमतीचा शिक्का मारणं सक्तीचं झालं, कापड मापून वाटलं जाऊ लागलं. ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्द मराठीत तेव्हापासून रुळला. नियंत्रण सुतावरही होतं, त्यामुळे सूत मिळेना आणि विणकरांचे माग बंद राहू लागले. इतरांना कापड पुरवणाऱ्या मालेगावातल्या विणकराच्या घरात रांगेत उभं राहून मिळवलेलं, दुसऱ्याने विणलेलं कापड आलं. ते अंगावर विरलं आणि मग दादीच्या सासूच्या कथरीत गेलं. कारण तळाशी जे निघालं ती खरं तर आणखी एक जुनी कथरीच होती. तिचा चोथा झालेला होता. दादीने ती टाकून न देता आत घालून वरून नवी शिवली होती.

कंट्रोलच्या आधीही एकदा कापडाला या देशात फार मोठं मोल आलं होतं. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींच्या हस्ते विलायती कापडाची होळी झाली. ती जागा दिली होती उमर सोबानी या मुस्लिम गिरणीमालकाने. स्वदेशीसाठी त्यांनी बरंच सोसलं. त्याच वर्षी रवींद्रनाथ टागोरांनी कापड जाळण्याला विरोध केला. ज्यांच्या अंगावर पुरेसं कापड नाही त्यांच्या देशात कापड जाळायचा अधिकार आपल्याला कसा, हा त्यांचा सवाल होता. हा वाद मी वर्गात शिकवते तेव्हा दोन्ही बाजू सांगते. पण दादीच्या सासूच्या कथरीतलं, बोट लावताच फाटणारं कापड हातात घेऊन मी टागोरांच्या बाजूला थोडी झुकले, हे कबूल करते. जिथे चिंधीही वाया जात नाही अशा घरात जाळायला कापड कुठलं?

मग लुगडी कुठे गेली, असं मुलीने विचारलं. बायकांनी नऊवारी सोडून पाचवारी धरली आणि पाचवारी सुती राहिली नाही. धुवायला सोपी, इस्त्री नको, रंग जात नाही, या गोष्टी कामाच्या बाईला नकोत कशा? १९८५ साली संसदेने काही कापडप्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा केला, त्यात साडीही होती. त्याला कोर्टात आव्हान दिलं गेलं आणि १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. हातमागवाल्याला जगवणं हा हेतू चांगलाच होता. पण मालेगावचा हातमागवाला कधीच यंत्रमागावर गेला होता, माणूस तोच होता. रंगीत साडी मागे पडून इथले माग कोऱ्या कापडाकडे वळण्यामागे जी कारणं आहेत त्यातलं हे एक. आज गल्लीत चोवीस तास खटखट चालू असते, पण उतरतं ते पांढरं, बिनकाठाचं, बिनरंगाचं कापड. ते कोण घालणार हे विणणाऱ्याला माहीत नसतं.

हे सगळं पाहून झाल्यावर विकत आणलेल्या मलमलीकडे बघून मला जरा संकोच वाटला. दादीने कापड कधी निवडलंच नव्हतं. तिच्यासाठी ते सेठच्या कपातीने निवडलं, सरकारच्या हुकमाने निवडलं, शिंप्याच्या कात्रीने निवडलं. तिने निवडलं ते एवढंच, की कुठला तुकडा कुठल्या शेजारी बसवायचा. निवडायची संधी मिळालेली आमच्या घरातली पहिली बाई मी, आणि मला हवं ते कापड बाजारात नव्हतं. मला मालेगावी लुगडं हवं होतं.

आमच्या शाळेत मराठीच्याच एक बाई आहेत, बागलाणकडच्या. त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “आमच्या सासूबाईंच्या ट्रंकेत बघू.” रविवारी त्यांच्या गावी गेलो. आजी नव्वदीच्या. त्यांनी ट्रंक उघडून दोन जुनेरं काढली. एक अंजिरी, एक हिरवं, दोन्ही इतकी मऊ की हातातून निसटत होती. “मालेगावचं आहे बाई हे. बाजारातून घेतलेलं,” त्या म्हणाल्या. मी सांगितलं की माझे आजोबा तीच विणायचे. आजींनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “मग तुमच्या घरात नाहीत का?” मी म्हटलं, “आहे एक. दोष निघालेलं.” मी पैशांचं विचारलं तेव्हा त्या रागावल्या. जुनेर विकायचं नसतं, द्यायचं असतं. निघताना म्हणाल्या, “गोधडीला काठ बाहेर दिसू दे.”

कथरी शिवायला दीड महिना लागला. खाली भिजवून वाळवलेला लठ्ठा, त्यावर दादीच्या कथरीतलं जे टिकेल ते, जाळीचा भागही तसाच, मग आजींची जुनेरं, त्यांचे काठ बाहेर दिसतील असे बसवलेले, आणि मधल्या चौकोनांत मलमल आणि अब्बांची लुंगी. कडेने आत आत जाणारा धावदोरा. पहिले आठ दिवस अम्मी लांबून पाहत होती. मग एके दिवशी शाळेतून आले तर एक पूर्ण ओळ शिवलेली होती, माझ्यापेक्षा बारीक टाक्यांची. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

पुण्याला पाठवण्याआधी एक दिवस मी कथरी वर्गात नेली. आधी शब्दांपासून सुरुवात केली, कारण आमच्या मुलींना दोन भाषांची सवय आहे. संस्कृतात कंथा. त्यावरून आपली कथरी आणि बंगालची कांथा. आपल्या उर्दूत गुदडी, मराठीत गोधडी. ‘गुदडी का लाल’ हा मुहावरा त्यांना पाठच होता. अरबीत ठिगळाला ‘रुक़आ’ म्हणतात. कागदाचा तुकडा, चिठ्ठी, तोही रुक़आ, आणि त्याचाच मराठीत रुक्का झाला. ठिगळं लावलेला तो ‘मुरक़्क़ा’. सूफी फकिरांच्या ठिगळांच्या अंगरख्यालाही मुरक़्क़ा म्हणत आणि चित्रं चिकटवलेल्या पुस्तकालाही. हदीसमध्ये बीबी आयेशा सांगतात की पैगंबर साहेब आपले कपडे स्वतः शिवत. आणि इकडे गाडगेबाबांच्या अंगावरच्या चिंध्या पाहून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या जंगलात सिद्दी राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, कित्येकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. त्यांच्यात मुसलमान आहेत, हिंदू आहेत, ख्रिश्चन आहेत आणि तिघांच्याही बायका एकाच पद्धतीची ‘कवंदी’ शिवतात, चारही कोपऱ्यांना घडीची फुलं लावून.

मग कथरी बाकावर पसरली आणि जाळीची जागा दाखवली. कापलेल्या मजुरीची गोष्ट सांगितली. वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकीचे वडील, भाऊ किंवा मामा लूमवर आहेत. त्यांना ‘कपात’ या शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहून द्यावा लागला नाही.

मागच्या बाकावरची ती मुलगी उठून पुढे आली. काठावरून हात फिरवला आणि म्हणाली, “टीचर, ऐसा किनार हमारे घर में भी है. नानी के तकिये के अंदर.” मी म्हटलं, उसवू नकोस, आधी नानीला विचार. दुसऱ्या दिवशी ती सांगत आली की नानीने उसवू दिलं नाही, पण ते कुठलं कापड आहे ते सांगितलं. ती वहीत लिहून आणते म्हणाली. मी म्हटलं, मराठीत लिही.